दहातले तीन सेकंद

अंबडच्या अलीकडं डांबरी सोडून
तुतीच्या दोन प्लॉटांमधल्या गाडवाटेनं
मी पोचलो, तेव्हा द्वारकाबाई खरातांचा
चॉकीचा ट्रे उन्हात पालथा पडला होता.
कुणी झाडलाही नव्हता.

मी रिवाइंडिंगवाला. बोटांना वार्निशचा वास.
मायक्रोकंट्रोलर शिकलो पुतण्याच्या वहीतून;
पॉलिटेक्निक अर्धं टाकून तो चाकणला गेला,
वही आणि साडेतीनशेचा बोर्ड
मपल्या गल्ल्यापाशी ठेवून.

"सत्तावीस पायजेत, सत्तावीस," बाई म्हणाल्या.
"हे जुनं बत्तिसावर नेतं अन् मंग बाविसावर झोपतं.
मुंगीएवढाल्या जिवाला किती पळवावं?"

जुन्या थर्मोस्टॅटला दोनच शब्द येत होते,
हो आणि नाही.
आणि कॉइल? तिला मी ओळखतो.
बटण बंद झाल्यावरही ती तापत राहते,
घरातून तरातरा निघालेल्या माणसासारखी,
ज्याला वेस ओलांडल्यावर कळतं
की भांडण मघाशीच मिटलं होतं.

रात्रभर बसलो ओल्या गोणपाटाच्या खिडकीखाली.
बाहेर नऊ अंश.
दहा सेकंदांची एक पट्टी आखली:
पंचवीस असेल तर सात सेकंद पेट, तीन विझ.
सव्वीसला पाच.
सत्ताविसावर नुसतं टिकायला तीन पुरतात.
अठ्ठावीस झाले तर एकच, ओळख राहावी म्हणून.

दोनच्या सुमाराला एक वजाबाकी उलटी लिहिली.
खोली जितकी तापे तितका हीटर जोर धरी,
जशी कौतुक केलेली पोरं.
नशीब, ट्रे रिकामे होते.

पहाटे बाई चहा घेऊन आल्या.
पेट-विझ समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.
"ह्याला आख्खी रात कामून लागली?
भाकर टाकली की आम्ही लाकूड मागं ओढतो,
कड शेकायची तर पुढं सारतो.
जाळ काय, तोच ऱ्हातो."
मी कपबशी खाली ठेवली
आणि बोर्डाला टेप मारली.

रिले वाजायचा: टक.
तीन सेकंदांनी पुन्हा टक.
शेजारच्या खोलीत बाईंची खाट, भिंतीला लागून.
दिवसाचे आठ हजार सहाशे चाळीस फेरे;
दुसऱ्या बॅचच्या मध्यावर त्याचे पॉइंट जळाले.
मी सॉलिड स्टेट बसवला. न हलणारा, न झिजणारा,
आवाजच नसलेला. बिल दिलं, गाडीला किक मारली.

रात्री एक वाजता फोन.
"यंत्र मेलं."
"आकडा किती दाखवतंय?"
"सत्तावीस."
"मग चाललंय की, बाई."
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
"ऐकू येत नाही ना पण," म्हणाल्या.

सकाळी गेलो. खिशात तोच जळका रिले.
पॉइंट गेले होते, आतली गुंडाळी शाबूत.
एका मोकळ्या पिनेवर जोडून दिला.
आता तो काहीच चालू करत नाही, काहीच बंद करत नाही,
नुसता वाजतो.
प्रोग्राममध्ये त्या ओळीशेजारी लिहून ठेवलं:
ही काढू नये. हीटरशी संबंध नाही.

त्याच दिवशी अळ्या पहिल्या कातीला बसल्या.
दोनशे अंडीपुंज, म्हणजे ऐंशी हजारांच्या वर माना
पाल्यावरून उचललेल्या, खाणं सोडलेलं.
ह्या वेळी धक्का चालत नाही.
बाईंनी दार लोटलं, कडी नाही घातली,
आणि आम्ही ओट्यावर बसलो.

टक. मी मनात तीन मोजले.
टक. बाई सुपारी कातरत होत्या,
पुढचे सात त्यांनी मोजले असावेत,
कारण अडकित्ता
बरोबर तिथं थांबला.